नागानोची यामादासान

१२ सप्टेंबर, गुरुवार

चूक आहे! सरळसरळ चूक आहे, आणि साडेचार हजार लोकांनी त्या चुकीला लाल बदाम दिलेत.

केयाच्या पानावर आज त्या जपानी बँडच्या गाण्याचं नवं भाषांतर आलं. गाणं जुनंच, पंचवीस वर्षांपूर्वीचं — ‘जाऊन येतो’. पंक रॉक. म्हणजे तीन मिनिटं आरडाओरडा, आणि ड्रमवर कुणीतरी कसला तरी सूड उगवतंय. बँडचं नाव ‘गोमि नो हि’, म्हणजे कचऱ्याचा दिवस! माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने तीन वर्षं झाली या लोकांना डोक्यावर बसवून घेतलंय. गाणी ऐकून ऐकून स्वतःची स्वतः जपानी शिकली. गाणी इंग्रजीत करते, आपल्या पानावर टाकते आणि जगभरातली पोरं ती वाचतात. कौतुक आहेच. पण त्या गाण्यातला मुलगा रोज सकाळी रिकाम्या खोलीला ओरडून सांगतो ‘जाऊन येतो’ — आणि हिने लिहिलंय, ‘मी निघालो, माझी वाट बघू नका’. अगदी उलटं! तो परत येणार आहे. वाट बघायला कुणी नाही, तरी परत येणार म्हणून सांगून निघतो, तेच तर गाणं आहे.

आणि हे मला तिला सांगता येत नाही. कारण मला जपानी येतं हेच केयाला माहीत नाही.

इथे लिहून ठेवते, नाहीतर काही दिवसांनी मलाच खोटं वाटेल. पुण्यात पाच वर्षं जपानी शिकले. मग जपानात, नागानोजवळच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात दीड वर्ष दुभाषी होते. साल १९९९. ‘जाऊन येतो’ तेव्हा नवं कोरं होतं, आणि शुक्रवारी कारखान्यातल्या पोरींबरोबर कराओकेत बाकावर उभी राहून मी ते घसा बसेपर्यंत म्हटलेलं आहे. मी! मग लग्न, अमेरिका, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून नोकरीला बंदी. बंदी उठली तोवर बारा वर्षं गेली होती, आणि माझी हिंमतही. मग त्या दीड वर्षाचं नाव काढणंच बंद केलं.

केया चौदा वर्षांची असताना एकदा हेडफोन घालून स्वयंपाकघरात आली, हेच गाणं गुणगुणत. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, ‘आई, प्लीज, धिस वन इज माइन. याच्यात तू नको येऊस.’ बरोबरच होतं तिचं. तिला भरतनाट्यमला घातलं तर मी कपडेपट सांभाळायला बसले. सायन्सच्या स्पर्धेत उतरली तर परीक्षक झाले. मराठी शाळेत तर तिच्या वर्गाची बाईच मी! म्हटलं, ठीक आहे, हे तुझं. नवऱ्यालाही, अवधूतलाही बजावलं, एक अक्षर काढायचं नाही. तीन वर्षं मूग गिळून बसलेय.

पण चूक ती चूक.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तीन पोळ्या करपल्या. डोक्यात तेच गाणं, आणि तेच चुकीचं वाक्य.

१६ सप्टेंबर, सोमवार

केलं! खोट्या नावाने खातं उघडलं आणि तिच्या पानावर लिहून आले.

नाव काय द्यावं? पहिलं आठवलं ते दिलं — यामादा. नागानोत मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचे त्या बाईंचं. यामादासान, म्हणजे आपल्या यामादाबाई. तेव्हाच साठीच्या होत्या. ओसरीच्या वाशाला सोलून टांगलेली पर्सिमॉनची फळं, घरात मीठ घालून मुरवलेल्या मुळ्याचा वास, आणि एक लठ्ठ मांजर, ज्याला माझं शेपूसुद्धा चालायचं. तेव्हाच्या वयात दहा वर्षं वाढवून लिहिलं — निवृत्त शिक्षिका, वय सत्तर, मुक्काम नागानो.

चारच ओळी लिहिल्या. ‘केयासान, तुमचं काम फार सुंदर आहे. एका म्हातारीला थोडं सांगू द्याल का? घरातून निघताना आम्ही हे म्हणतो त्यात परत येण्याचं वचन असतं.’ बोटांना सगळं आठवत होतं. चित्रलिपीतली अक्षरं समोर उभी राहिली आणि मी एकेकाला ओळखत गेले. चाळिशी काढून दोनदा पुसली.

एवढंच. पुन्हा लिहिणार नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर आलं!! किती लांब! मोडक्या पण गोड जपानीत सुरुवात, मग इंग्रजी. तिचं मराठीत उतरवते: ‘यामादासान, मला रडू आलं. माझी आई अशीच आहे. घरातून निघताना “जाते” म्हटलं तर ओरडते, “येते म्हण” म्हणते. मला वाटायचं काहीतरी अंधश्रद्धा असेल. म्हणजे माझ्या आईच्या भाषेत हे गाणं आधीपासूनच होतं!’

जेवताना फोन बघून हसत होती. मी विचारलं, काय झालं गं? ‘नथिंग.’

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी शाळेला निघाली. पाठीवर बॅग, एका बुटाची नाडी सुटलेली. दार उघडलं, थांबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली — ‘येते.’

सतरा वर्षांत पहिल्यांदा, न सांगता. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. ‘ये’ एवढंच म्हटलं. गाडी गेल्यावर बसून रडले.

२९ सप्टेंबर, रविवार

पुन्हा लिहिणार नाही म्हणाले होते ना? बारा दिवसांत अकरा पत्रं!

मराठी शाळेत आज सहा पोरांना ‘ळ’ काढायला शिकवत होते आणि डोक्यात मात्र ‘तीन नंबरचं मशीन’. हे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. कारखान्यातला माणूस ओरडून ओरडून प्रेम करतो, कारण मशीनपाशी वर्षानुवर्षं उभं राहून त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. केयाने विचारलं होतं, हा माणूस चिडलेला आहे का? मी लिहिलं, नाही, त्याला वाटतंय की तो कुजबुजतोय. आणि मग लिहीतच गेले — भोंगा कसा वाजायचा, दुपारी सगळे एकत्र हात-पाय ताणून व्यायाम कसे करायचे, बहिरा झालेला फोरमन वाढदिवसाला कानात पुटपुटायचा तर अख्ख्या शेडला ऐकू जायचं. सगळं यामादासानच्या भावाचं म्हणून खपवलं. वीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं!

एक पंचाईत. माझा मोकळा वेळ सकाळचा, अवधूत शिकागोच्या गाडीत आणि केया शाळेत असताना. तेव्हा नागानोत मध्यरात्र! तिच्या लक्षात आलंच. ‘तुम्ही इतक्या उशिरा जाग्या?’ लिहिलं, म्हातारपणी झोप लागत नाही. लगेच काळजी — ‘झोपण्याआधी गरम दूध घेता का?’

मला तिने आयुष्यात विचारलेलं नाही की आई, तुला झोप लागते का.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहू की नको. लिहितेच.

‘छत्री परत कर’ नावाचं एक गमतीचं गाणं आहे, त्यावर बोलत होतो. मी — म्हणजे यामादा — सहज विचारलं, तुमच्या आईला ही गाणी आवडतात का? उत्तर: ‘माझ्या आईला फक्त मी आवडते. माझ्याआधी ती कुणीच नव्हती. दिवसभर घरात असते आणि मी घरी यायची वाट बघते. मला तिची दया येते आणि मग तिचा राग येतो. मला भीती वाटते की मी तिच्यासारखी होईन.’

फाडकन मुस्कटात बसावी तसं झालं. कुणीच नव्हती! बेअरिंगच्या करारावर दोन कंपन्यांचे साहेब माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, मी काय बोलते म्हणून!

संध्याकाळी ड्रायरमधले कपडे काढले नाहीत म्हणून तिच्यावर इतकी ओरडले की अवधूत खाली आला. ‘आई, इट्स जस्ट लाँड्री!’ तिचा चेहरा गोंधळलेला. तिला बिचारीला काय माहीत मी कशाला उत्तर देतेय.

२१ ऑक्टोबर, सोमवार

यामादाकरवी स्वतःची वकिली केली. लाज वाटली तरी केली. लिहिलं, आई कोण होती हे तिला विचारून बघितलंत का? उत्तर आलं — ‘तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं म्हणता. तुम्ही तिला ओळखत नाही.’

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन आणि कॉलेजच्या अर्जांची शेवटची तारीख एकाच दिवशी! अवधूत सकाळपासून केयाच्या मागे. ‘फराळ नंतर, एसे आधी.’ संध्याकाळी तिने जाहीर केलं — ‘डन. सगळे पाठवले.’ अवधूतने तिच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

माझ्या लॅपटॉपवर जपानी अक्षरं दिसली त्याला. मी दचकले. तो केवढा खूश! ‘अरे वा, परत सुरू केलंस? मी म्हणतच होतो.’ म्हटलं, हो, थोडा सराव. म्हणजे आता त्याच्याशीही खोटं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज पाठवलेच नाहीत तिने! एकही नाही!

यामादाला सगळं सांगितलंय. नागानोतल्या एका भाषाशाळेत अर्ज केलाय. तीन महिन्यांचा कोर्स, जुलैपासून, पुढचं तिथे गेल्यावर बघणार. जानेवारीत अठरा पूर्ण होतात, मग कुणाच्या सहीची गरज नाही. आई-बाबांना निघायच्या आदल्या आठवड्यात सांगणार. आणि शेवटी: ‘फॉर्मवर जपानमधली जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलंय. रागावू नका. तिथे माझं दुसरं कुणी नाही. तुम्ही आहात म्हणूनच मला जायचं धाडस होतंय.’

माझी पाचावर धारण बसली. मी आहे म्हणून ती जाणार, आणि मी तिथे नाहीच! विमानतळावर उतरून पोर कुणाला शोधणार?

२० नोव्हेंबर, बुधवार

आज सांगायचंच ठरवून निघाले. ऑर्केस्ट्राच्या तालमीहून तिला आणायला गेले होते. गाडीत बसल्या बसल्या तिने गाणं लावलं. मी म्हटलं, केया, मला तुला काहीतरी सांगायचंय. ‘वेट आई, हा बेस्ट पार्ट आहे.’

आणि ‘जाऊन येतो’चं धृपद आलं. माझ्या नकळत तोंडातून निघालं, अख्खं कडवं, अडखळल्याशिवाय! केया खो खो हसली. ‘आई! काय बडबडतेयस? इट्स नॉट हिंदी. उगाच शब्द बनवू नकोस.’

मी बरोबर म्हणत होते. एकही शब्द चुकला नव्हता.

मग पुढे काही बोलले नाही. ती इतकी हसत होती, आणि किती दिवसांनी माझ्याबरोबर! भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. बाहेर पहिला बर्फ, आत मटार भात आणि पंपकिन पाय. केयाने यामादाकडे पत्ता मागितलाय. नवीन वर्षाचं कार्ड पाठवायचंय, जपानी पद्धतीचं, स्वतः रंगवलेलं, पोस्टाने.

पत्ता दिला. खऱ्या यामादासानचा. अजून पाठ आहे. म्हटलं, एखाद्या पेटीत पडेल आणि कुणीतरी टाकून देईल, कुणाचं काय बिघडणार.

देताना नागानोचं स्टेशन आठवलं. निघाले त्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या होत्या, डबा घेऊन. मी म्हटलं होतं, दर नवीन वर्षाला कार्ड पाठवीन. एकदाही पाठवलं नाही. लाजेपोटी. दुभाषीण होते, आता भांडी घासते, हे कुठल्या शब्दांत लिहिणार होते? आज असतील तर पंचाऐंशीच्या पुढे असतील. असतील का?

९ डिसेंबर, सोमवार

नागानोच्या भाषाशाळेकडून केयाला मेल. जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर द्या, जानेवारीत आम्ही त्यांच्याशी बोलू. तिने यामादाला विचारलं, नंबर द्याल ना? शिवाय आपणही एकदा व्हिडिओवर बोलूया, मला तुमचा चेहरा बघायचाय.

दोन दिवसांची सवड मागितली. कारण दिलं सर्दीचं!

११ डिसेंबर, बुधवार

तीन वाटा दिसतात.

खरं सांगणं. म्हणजे तिने माझ्याबद्दल जे जे लिहिलं ते मी वाचलंय हेही सांगणं. ती पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. अठरा पूर्ण व्हायला महिना उरलाय, बॅग उचलून जाईल.

यामादाने नकार देणं. मग ती दुखावेल, दुसरा कुणीतरी अनोळखी माणूस शोधेल, आणि तो खरंच कुणीही असू शकतो.

तिसरी वाट लिहवत नाही. पण यामादा सत्तर वर्षांची आहे. सर्दी झालीय म्हणून सांगून मोकळीही झालेय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मारलं तिला.

पुतण्याच्या नावाने लिहिलं. मंगळवारी पहाटे, झोपेत, त्रास झाला नाही. ‘काकू तुमच्याबद्दल नेहमी बोलायच्या.’ पाठवलं आणि न्हाणीघरात जाऊन ओकले. खऱ्या यामादासान कदाचित दहा वर्षांपूर्वीच गेल्या असतील, आणि त्यांच्यासाठी मी एक अश्रू ढाळलेला नाही. आता माझ्या सोयीसाठी त्यांना मारून बसले.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी केया स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले, अंगात अवधूतचा जुना स्वेटर. मी कांदा चिरत होते. तिथेच फरशीवर बसली आणि माझ्या मांडीत डोकं खुपसता येईना म्हणून पायांना मिठी मारली. मीही खाली बसले. ‘आई, माझी एक फ्रेंड होती. शी डाइड.’

मग सगळं सांगितलं तिने. ‘एक म्हातारी बाई होती, जपानमध्ये. मला सगळ्यात जास्त तीच ओळखायची.’ न पाठवलेले अर्ज, शाळा, जुलै, सगळंच. मी ‘हो का?’, ‘अरे देवा’ करत राहिले. तिच्या केसांवरून हात फिरवत होते. नवव्या इयत्तेनंतर तिने हात लावू दिला नव्हता.

अवधूत आधी भडकला, मग तिची अवस्था बघून तिच्याशेजारी येऊन बसला. ठरलं की जिथे अर्जांच्या तारखा अजून उरल्यात तिथे पाठवायचे, जपानचं पुढे बघू.

काय लिहू? मला माझी मुलगी परत मिळालीय. मी आनंदात आहे! आणि मला स्वतःची किळस येतेय.

१९ डिसेंबर, गुरुवार

रोज शाळेतून आली की माझ्याजवळच बसते. फोनवर गाणी लावते आणि मला समजावून सांगते! ‘बघ आई, तीन नंबरचं मशीन. हा माणूस चिडलेला नाहीये. त्याला वाटतंय तो कुजबुजतोय. यामादासानने सांगितलं मला.’ मी मान डोलावते.

आज जपानी शिकवायला बसली. ‘माझ्यामागून म्हण.’ एकेक शब्द मुद्दाम चुकीचा उच्चारला. कठीण असतं ते, येत असलेलं न येणं. ‘गुड, आई! यू आर नॉट बॅड, अ‍ॅक्चुअली.’ नंतर यामादाची पत्रं वाचून दाखवली, इंग्रजीत भाषांतर करत. दोन ठिकाणी भाषांतर चुकलं. गप्प बसले. एका पत्रानंतर म्हणाली, ‘किती शहाणी होती ना ती? किती जगली होती. तिच्याशी तुझी भेट व्हायला हवी होती. तुला आवडली असती.’

मला त्या बाईचा मत्सर वाटला. इतका की उठून पाणी प्यायले.

२२ डिसेंबर, रविवार

तिच्या पानावर तिने यामादासाठी श्रद्धांजली लिहिली. ब्राझील, पोलंड, मनिला, कुठून कुठून लोकांनी फुलांची चित्रं पाठवलीत. खरी वाटतात ती फुलं. एका जपानी वाचकाने हळूच कळवलं, ज्या घरात कुणी गेलं असेल तिथे त्या वर्षी नवीन वर्षाचं कार्ड पाठवत नाहीत, अशुभ मानतात. आणि केयाचं कार्ड तर पाच तारखेलाच पोस्टात पडलंय! एक जानेवारीला त्या दारात जाऊन पडणार, वर सोनेरी रंगात शुभेच्छा.

‘आई, आपल्याकडे सुतक असतं तसंच ना? सुतकातल्या घरी मी हॅपी न्यू इयर पाठवलं!’ हुंदके देऊन रडली. कितीही समजावलं तरी ऐकेना. ‘मला त्यांची माफी मागायला हवी.’

कुणाची माफी, बाळा?

३० डिसेंबर, सोमवार

अवधूतला कळलं.

सकाळी कॉफी घेता घेता केयाने बाबांना यामादासानचं काहीतरी सांगितलं. ती वर गेल्यावर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘यामादा म्हणजे तुझ्या त्या घरमालकीणबाई ना? लग्नानंतर त्यांच्या मांजराचा फोटो दाखवला होतास.’

मी कपबशा विसळत राहिले. त्याने नळ बंद केला.

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘रेणू, मुलीला सुतक लावलंस तू? कुणाचं?’ मी सगळं सांगितलं. मधूनच हसू यायचं त्याला, बहिऱ्या फोरमनच्या गोष्टीला हसला, आणि मग परत कपाळाला हात. शेवटी म्हणाला, ‘सांगून टाक. जितके दिवस जातील तितकं ते तिला जास्त लागेल. आणि तू कोण होतीस हे तिला कळू दे की एकदा!’

ती मला सोडून गेली तर? म्हटलं मी.

कबूल केलं. एक तारखेला सांगते. काय बोलायचं ते पाठ करतेय. पहिलं वाक्य जपानीत बोलणार, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही.

१ जानेवारी, बुधवार

केयाला समोर बसवलं. अवधूत दाराशी उभा होता. श्वास घेतला, वाक्य ओठांवर आलं, आणि तीच म्हणाली, ‘आई, आधी मी.’ फोन पुढे केला. मार्चच्या सुट्टीतली नागानोची दोन तिकिटं, एकावर माझं नाव. यामादासानच्या घरी जायचं, उदबत्ती लावायची, कार्डाबद्दल माफी मागायची. ‘मला एकटीने नाही जायचं. तूच हवीस, आई. आणि तू घाबरू नकोस, तुला तिथे एक शब्दही बोलावा लागणार नाही. मी बोलेन तुझ्यासाठी.’

मी हो म्हणाले.